खुणा नसलेल्या शाळेचा इतिहास

आमच्या शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. शाळेच्या वर्धापनदिनाची स्मरणिका छापखान्यात संगणकावर जुळवली जाणार होती, म्हणजे माझं अक्षर कुणाला दिसणारसुद्धा नव्हतं. पण मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "ज्याचं अक्षर नीट असतं, ते माणूस कामाला नाही म्हणत नाही." त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

आमची शाळा कर्णबधिर मुलांची. मोशीकडून चाकणला जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं, की पूर्वी जिथे ज्वारी होती आणि आता गाळे आहेत, त्या गाळ्यांच्या मधोमध ती आहे. शेजारी पत्रा दाबायचे प्रेस दिवसभर धाड धाड चालू असतात. नवीन आलेल्या शिक्षकाचं पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं. मुलांना त्याचं काही नसतं. उलट प्रेस बंद पडला की बाकावर टेकलेल्या त्यांच्या कोपरांना आमच्या आधी कळतं आणि सगळा वर्ग खिडकीकडे बघतो.

मी मराठवाड्यातली. शाळा-कॉलेज तालुक्याच्या गावी झालं. वडील धान्याच्या मोंढ्यात हमाल होते आणि आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पुढे कर्णबधिर मुलांना शिकवायची पदविका केली आणि या शाळेत मुलाखतीला आले. मुलाखत संस्थापकांनी घेतली. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. पांढरी टोपी, पांढरी मिशी. माझी प्रमाणपत्रं त्यांनी न उघडता परत दिली आणि विचारलं, "तुमच्याकडं पाऊस हाय का औंदा?" मी म्हटलं, बेताचा आहे. "मग ऱ्हावा हितंच," ते म्हणाले. त्यांच्याच चाळीत खोली मिळाली. त्या दिवसापासून या माणसाला नाही म्हणणं मला जमलेलं नाही. पुढे जे झालं त्यात माझी जी ओढाताण झाली, तिचं मूळ यात आहे.

इतिहास आप्पा तोंडी सांगणार आणि मी लिहून घेणार, असं ठरलं. त्यांच्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो.

"लिव्हा बाई," आप्पा म्हणाले. "माझी पोरगी जन्मापासून ऐकत न्हवती. पुण्याच्या शाळंत न्येली, तर तिथं जागा न्हवती. मग म्हनलं, हितंच शाळा काढू. गोठा रिकामा केला, शेण-माती सारवली, पत्रं टाकलं. मग स्लॅब. मग बोअर. मग बस घ्येतली."

गोठा, पत्रे, स्लॅब, बोअर, बस. मी लिहीत गेले. आप्पांच्या इतिहासात माणसं फार नव्हती, बांधकाम भरपूर होतं.

"आता हे नीट लिव्हा," ते पुढे सरकून बसले. "आमच्या शाळंत पयल्यापासून बोलायचं शिक्षण. खुणा न्हाईत. घरात बी कदी खुणा केल्या न्हाईत."

हे सांगता सांगता त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. दारात त्यांची मुलगी उभी होती. आप्पांनी हवेत एक बटण दाबलं, कानाशी बोट फिरवलं आणि दोन बोटांची चिमूट अर्धी सोडली. मुलगी आत गेली, बोअरची मोटर बंद झाली आणि थोड्या वेळानं कमी साखरेचा चहा बाहेर आला.

"कुटं हुतो आमी?" आप्पांनी विचारलं.

"घरात कधी खुणा केल्या नाहीत," मी वाचून दाखवलं.

"व्हय. आदोरेखित करा."

मी अधोरेखित केलं.

त्या मुलीला आम्ही ताई म्हणतो. शाळेची पहिली विद्यार्थिनी ती. आता चाळिशी ओलांडली आहे, चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी शाळेत येऊन आमच्या सांकेतिक भाषेला नावं ठेवते. मी पदविकेत शिकलेले संकेत तिला फार स्वच्छ वाटतात. "तू बातम्या दिल्यासारखी बोलतेस," ती मला हातांनी म्हणते. "घरात कुणी असं बोलतं का?"

खुणांचा वाद जुना आहे. शाळा निघाली तेव्हा शहरातल्या एका जाणकारांनी आप्पांना सांगितलं होतं की, मुलांना खुणा करू दिल्या तर ती बोलायचा आळस करतात. आप्पांनी ते असं मनावर घेतलं की वर्गात सगळ्यांचे हात बाकावर पालथे ठेवायचा नियम झाला. आरसा, फुगा, पेटलेली मेणबत्ती घेऊन एकेक अक्षर घोटून घेत. "प" म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. ताईनं वर्ष-दीड वर्ष ज्योती हलवल्या आणि तिला "आप्पा" म्हणता यायला लागलं. काही मुलांना या पद्धतीनं खरोखरच बोलता आलं, ते मी नाकारत नाही. ताईलाही आणखी शब्द आले असते. पण झालं असं की, आप्पांना त्या एका शब्दाचा इतका आनंद झाला की शाळेत कुणीही आलं की तिला पुढे बोलावत. देणगीदार आला, बोल. साहेब आले, बोल. पाहुणे, सरपंच, बोअरवाला. ती "आप्पा" म्हणे, आणि लोक टाळ्या वाजवत. बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हा एका कार्यक्रमात तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. त्यानंतर तिनं आवाज काढला नाही. आप्पांना वाटलं, रुसली आहे, होईल नीट. ते अजून वाट बघत होते.

पुढे नवे शिक्षक आले, नवी पद्धत आली, बाकावरचे हात सुटले. आप्पांनी विरोध केला नाही. "फ्याशन हाय, जाईल," एवढंच म्हणाले.

स्मरणिकेचं काम संपत आलं तेव्हा त्यांनी मला खोलीवर येऊन सांगितलं, "बाई, कार्यक्रमात शाळेचा इतिहास पोरगीनं सांगायचा. स्टेजवरून."

मला आनंद झाला. "सांगेल की ताई. ती हातांनी सांगेल, मी माइकवर बोलेन."

"त्ये चालू द्या तुमचं. पन शेवटी तिनं येकदा तोंडानं म्हनायचं. आप्पा. बास, येवढंच." ते चौकटीला धरून उभे होते. "तिच्या आईला म्या सांगितलं हुतं, चार लोकांत परत बोलंल तुजी पोर. ती ग्येली ऐकायची ऱ्हाऊन. आता माझं बी वय झालं. म्या गावात सांगून ठिवलंय."

आप्पा गावात जे सांगून ठेवतात ते व्हावंच लागतं. शाळासुद्धा तशीच झाली होती.

ताईला मी हे कंपनीच्या बसथांब्यावर गाठून सांगितलं. पहिल्या शिफ्टची माणसं उतरत होती. तिनं डबा माझ्या हातात दिला, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे झाले. ते पाहूनच मी समजले की भांडण आहे.

"नाही," ती म्हणाली.

"एकच शब्द आहे, ताई."

"एकच होता, म्हणून तर. इतकी वर्षं मी त्यांच्याशी बोलते आहे. पाणी तापलं म्हणते, गोळी घ्या म्हणते, टीव्ही बघू नका, डोळे दुखतील म्हणते. ते मोजलंच नाही कुणी. त्यांना तोच एक हवा."

"त्यांचं वय झालंय."

"माझंही झालंय." तिनं डबा परत घेतला, पुन्हा माझ्याकडे दिला. "तो इतिहास वाचला मी. गोठा, पत्रे, स्लॅब. तू बोअरवर अख्खा परिच्छेद लिहिलास. शाळा का निघाली ते कुठे आहे?"

"पुण्याला जागा नव्हती म्हणून."

ती हसली. तिचं हसणं मात्र आवाजी आहे, थांब्यावरची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. "मी स्टेजवर येईन," ती म्हणाली. "इतिहास सांगेन. तोंडानं काही म्हणणार नाही. आणि तू घाबरू नकोस, तुझ्यासाठी बातम्यांसारखंच सांगेन."

आप्पांना मी अर्धंच सांगितलं. ताई स्टेजवर येणार आहे, असं. ते लगेच माइकच्या तयारीला लागले.

तालमी चांगल्या झाल्या. ताईचे संकेत मोठे, ठळक, पुस्तकातल्यासारखे. मी तिचं बोलणं पाठ करून ठेवलं होतं. मला वाटलं, शब्दाचं काय व्हायचं ते होवो, निदान इतिहास तरी सुरळीत होईल.

कार्यक्रमाच्या दिवशी आप्पांनी कर्णबधिर शाळेच्या मैदानात लग्नाला आणतात तेवढे मोठे स्पीकर आणून लावले. साउंडवाला सकाळपासून "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणत होता आणि आमची मुलं स्पीकरच्या खोक्याला तळहात लावून रांगेनं उभी होती. छातीत धडधडतं म्हणून एकमेकांना सांगत होती. मंडपात पुढच्या खुर्च्यांवर गावातली जुनी मंडळी, मागे कंपन्यांतले साहेब लोक, त्यांच्या मागे पालक आणि आमचे जुने विद्यार्थी. आप्पा पहिल्या रांगेत मधोमध, इस्त्रीच्या टोपीत. त्यांच्या शेजारी त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त तात्या. तात्या देहूरोडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आता त्यांना स्वतःलाच कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण ते खिशात ठेवतात. सेल वाचतो, म्हणतात.

"आज बोलनार ना रं पोरगी?" तात्यांनी एवढ्या मोठ्यानं विचारलं की मला स्टेजवर ऐकू आलं.

"बघ तर," आप्पा म्हणाले.

ताई पुढे आली. मी माइकपाशी. तिनं सुरुवात तालमीप्रमाणे केली. नमस्कार, ही आमची शाळा, इथे पूर्वी गोठा होता. मी तिच्यामागोमाग बोलत गेले. माझा आवाज स्पीकरमधून गाळ्यांवर आदळून परत येत होता. मग तिनं हात खाली घेतले, ओढणीला पुसले आणि आप्पांकडे बघितलं.

पुढचं मला कळलंच नाही. तिचे हात कमरेपाशी आले, लहान झाले, भरभर चालायला लागले. त्यात पदविकेतला एकही संकेत नव्हता. एक हात डोक्यापाशी वाकडा होऊन खाली लोंबला. मग दोन्ही मुठी आळीपाळीनं हवेत ओढल्या. मग गळ्याखाली हात चोळला.

"एक... एक जनावर," मी माइकवर म्हटलं. "त्याचा एक कान... किंवा..."

ताई थांबली. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. तोच वाकडा हात आप्पांसमोर पुन्हा धरला.

मागच्या रांगांतली माणसं माना उंचावून बघायला लागली.

"कान न्हाई वो बाई," पहिल्या रांगेतून आप्पा वैतागून म्हणाले. "शिंग हाय त्ये. आमची म्हैस हुती, येका शिंगानं पडकी."

ताईनं मान हलवली आणि पुढे चालू केलं. मी माइक हातात घेऊन नुसती उभी. ती थांबली की सगळे आप्पांकडे बघायला लागले.

"आता काय म्हणते ती?" मागून कुणीतरी विचारलं.

आप्पांनी आधी खाली बघितलं. पण ताई हात तसेच धरून उभी होती, आणि म्हशीची गोष्ट कुणी अर्धी सोडली तर आप्पांच्यानं राहवत नाही. "म्हनतीय, ही गळा चोळायला जवळ असल्याबिगर म्हैस पान्हा सोडत न्हवती," ते म्हणाले. "खरं हाय. लई मिजासखोर म्हैस."

साउंडवाला शहाणा. त्यानं माझ्या हातातला माइक काढला, खाली उतरला आणि आप्पांच्या तोंडासमोर धरला.

ताईनं दोन्ही हातांनी स्कूटर धरली आणि मागे कुणीतरी बसलेलं दाखवलं. "पुण्याच्या शाळंत न्येली म्या तिला. लुनावर," आप्पांचा आवाज गाळ्यांपर्यंत गेला. ताईनं मोठं फाटक लावून घेतलं. "तितं वसतिगृहात ठिवायची हुती." ताईनं टोपी नीट केल्यासारखा हात कपाळावर नेला, मग पाठ फिरवली. आप्पांनी माइक हातानं बाजूला सारला.

"पुढं?" तात्यांनी विचारलं. त्यांनी यंत्र खिशातून काढून कानात घातलं होतं.

"म्या निघालो," आप्पा म्हणाले. "हिला फाटकात सोडून."

मग ताईनं ते केलं. पडकं शिंग. स्वतःच्या छातीवर बोट, आणि बोट हलवून नाही. रिकाम्या मुठी ओढल्या, काहीच येत नाही. पुन्हा कपाळावर तो टोपीचा हात. मग कपातून एक घोट, आणि तोंड असं वाकडं केलं की पुढच्या रांगेतली बायामाणसं अर्थ न कळताच हसली.

आप्पांनी माइक साउंडवाल्याच्या हातातून स्वतः घेतला. "म्हनली, मी न्हाई तर म्हैस दूद देनार न्हाई. आन आप्पा, तुला काळा च्या प्यावा लागंल." मग म्हणाले, "येवढीशी हुती. फाटकाच्या गजांतनं हात भाईर काढून सांगत हुती."

"मग?"

"मग काय मग. आनली माघारी."

"आरं, तू तर म्हनलावतास तितं जागा न्हवती!" तात्या खुर्चीतून अर्धे उठले. "समद्या गावाला सांगितलंस. माझ्या म्हातारीनं पुण्याच्या शाळंला शिव्या दिल्या हुत्या!"

"हिच्या आईला काय सांगनार हुतो? म्हशीनं परत बोलावलं म्हनून?"

मंडपात हसं पिकलं. आमच्या मुलांना मोठ्या बाई भिंतीपाशी उभ्या राहून सगळं संकेतांत सांगत होत्या, त्यामुळे मुलांचं हसू थोडं मागून आलं आणि जास्त वेळ चाललं. ताई अजून संपली नव्हती. तिनं आप्पांकडे बोट दाखवलं आणि दोन्ही गालांवरून बोटं खाली ओढली.

"ह्ये खोटं हाय," आप्पा माइकवर म्हणाले. "मी रडलो न्हवतो. नाशिक रस्त्याचं काम चालू हुतं, धूळ ग्येली."

ताईनं एका डोळ्याकडे बोट दाखवलं. मग दुसऱ्याकडे. मग भुवया उडवल्या.

"दोनी डोळ्यांत ग्येली!" आप्पा ओरडले. ओरडताना त्यांचा मोकळा हात वर आला होता, धूळ कशी उडत होती ते दाखवत होता, लुना कशी हेलकावत होती ते दाखवत होता. ताईनं त्यांना मधेच तोडलं, मागे बसलेल्या मुलीनं त्यांच्या टोपीला कसं घट्ट धरलं होतं ते दाखवलं. "टोपी न्हाई, बंडी धरली हुतीस," आप्पांनी हातानंच सुधारलं. माइक त्यांनी केव्हाच मांडीवर ठेवला होता. दोघांचं असं काही वेळ चाललं, ते कुणी भाषांतर केलं नाही. मी स्टेजवर रिकाम्या हातांनी उभी होते आणि माझं पाठांतर आता कशाच्याही उपयोगाचं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मी हसत होते.

मग आमच्या मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांच्या टाळ्या तशाच असतात. पाठोपाठ जुन्या विद्यार्थ्यांनी, आणि मग हळूहळू साहेब लोकांनीसुद्धा. मोठ्या बाईंनी पसायदानाची खूण केली. ताई खाली उतरली. शब्द राहिलाच. पडद्यामागून मी आप्पांकडे चोरून बघितलं, ते टोपी काढून तिची घडी नीट करत होते.

जेवणाला मसालेभात आणि जिलेबी होती. मी मुद्दाम आप्पांच्या जवळच्या पंगतीत वाढायला घेतलं. ताई त्यांच्यापुढून जिलेबी उचलून नेत होती, साखर आहे म्हणून, आणि ते दुसऱ्या हातानं परत घेत होते.

"ताई, तू मला फसवलंस," मी तिला म्हटलं. "तालमीत असं नव्हतं."

"तुला कळलं असतं तर ते बोलले असते का?" ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.

तात्यांनी भाताचा घास घेतला. त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं. "काय बी म्हन," ते आप्पांना म्हणाले, "गोष्ट झ्याक झाली. पन पोरगी 'आप्पा' काय म्हनली न्हाई बघ शेवटपत्तुर. गावात सांगितलंवतंस."

मी वाढायची थांबले.

आप्पांनी जिलेबीचा तुकडा मोडला, ताई बघत नाही याची खात्री केली आणि तोंडात टाकला.

"दोनदा म्हनली," ते म्हणाले आणि कपाळाशी टोपीचा हात नेऊन दाखवला. "येकदा फाटकात, येकदा च्याच्या वक्ताला. तुजं लक्ष कुटं हुतं?"